पृष्ठ ४१२

तिसऱ्या खंडाचं शेवटचं पान तीनशे शहाण्णव होतं. मी ते उघडून त्याच्यासमोर धरलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"इथे संपतो खंड," मी म्हणाले. "तुम्ही चारशे बारा लिहिलंय."

त्याने खंड माझ्या हातून घेतला. घाई केली नाही. शेवटचं पान पाहिलं, त्यामागचा कोरा कागद पाहिला, मग पुठ्ठ्याच्या आतल्या सांध्यावरून अंगठा फिरवला. पान फाटून गेलंय का ते तो बघत होता. तिथे काही फाटलेलं नव्हतं. आमच्या मंडळातली पुस्तकं फाटत नसत आणि त्याचा मला त्या वयात फार अभिमान होता.

"मी पाहिलंय, मॅडम," तो म्हणाला. "चारशे बारा. डाव्या हाताचं पान."

"मग इथे दाखवा."

त्याला ते दाखवता येणार नव्हतं. मलाही ते ठाऊक होतं, म्हणूनच मी तसं म्हणाले.

ही गोष्ट १९८५ च्या फेब्रुवारीतली. साताऱ्यातल्या एका संशोधन मंडळात मी नोकरीला होते. मंडळ एक त्रैमासिक काढायचं आणि माझ्या पदाचं नाव होतं 'संदर्भ तपासनीस'. आता हे पद कुठे उरलेलं नाही, त्यामुळे थोडं सांगायला हवं. त्रैमासिकाकडे लेख आला की त्यातल्या एकेका तळटिपेसाठी मी एक पिवळी चिठ्ठी करायची. चिठ्ठीवर टिपेचा क्रमांक, पुस्तकाचं नाव आणि पान. मग कपाटातून ते पुस्तक काढायचं, ते पान उघडायचं, लेखकाने म्हटलंय ते तिथे खरोखर आहे का ते वाचायचं आणि मगच 'पाहिले' या रकान्यात सही करायची. पुस्तक समोर उघडं नसताना सही करणं म्हणजे आमच्याकडे जवळजवळ चोरी होती.

हे सगळं संपादक सबनीसबाईंनी बसवलेलं. बाई निवृत्त प्राध्यापक होत्या, साठी ओलांडलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि कानात मोत्याच्या कुड्या. नाकावर माशी बसू देत नसत. "तळटीप म्हणजे शपथ असते, गद्रे," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी सव्वीस वर्षांची होते. मला ते वाक्य इतकं आवडलं, की मी ते घरी आईलाही सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती हो म्हणाली.

आणखी एक पद्धत होती, ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आली. नावाजलेल्या लेखकाच्या टिपेत शंका आली तर त्याला पत्र घालून विचारायचं. नवख्याच्या टिपेत शंका आली तर लेख परत पाठवायचा. का, असं मी कधी विचारलं नाही. नवखे पुष्कळ असत, हे एक कारण असावं. आणि खरं सांगायचं तर नवख्यांना पकडण्यात मजा होती. दुसऱ्याच्या पुस्तकातून टीप उचलायची आणि मूळ ग्रंथ आपण वाचलाय असं भासवायचं, ही खोड तेव्हा सर्रास होती. त्यात पानाचा आकडा चुकला की माणूस आपोआप हातात सापडायचा. मी तसे वर्षभरात नऊजण पकडले होते. सदाशिव वेळापुरे दहावा.

पाटण तालुक्यातल्या एका कॉलेजात तो मराठीचा हंगामी अधिव्याख्याता होता. लेखाचं नाव होतं 'बुरुडांची मापे'. सूप, टोपली, परडी विणताना बुरूड मोजमाप कसं करतात, यावर बावीस टिपांचा, स्वच्छ अक्षरातला लेख. एकवीस टिपा चोख निघाल्या. सतराव्या टिपेत लिहिलं होतं: 'व्यवसायकोश, खंड ३, पृ. ४१२, नोंद : मापकाठी.' हा कोश पाच खंडांचा, पन्नाशीच्या दशकात निघालेला. जुन्या धंद्यांची माहिती हवी असली की सगळे त्यावरच विसंबत. आमच्याकडे पाचही खंड एकसारख्या हिरव्या बांधणीत होते. तिसऱ्या खंडात 'प' ते 'म' पर्यंतचे शब्द. मी 'मापकाठी' शोधली. 'मा' मध्ये ती नव्हती. पाचव्या खंडाच्या शब्दसूचीतही नव्हती. आणि पान चारशे बारा तर नव्हतंच.

मी चिठ्ठीवर लिहिलं: 'पृष्ठ अस्तित्वात नाही.' खाली सही केली. बाईंनी ती चिठ्ठी वाचून मान हलवली आणि लेख परत गेला.

लेख प्राचार्यांमार्फत आला होता, म्हणून पत्राची एक प्रत प्राचार्यांनाही गेली. ती मीच टाइप केली होती. चिठ्ठीवरचं ते वाक्य मी पत्रात जसंच्या तसं घातलं, कारण ते मला नेमकं वाटलं.

त्या पत्रामागोमाग तो स्वतः आला. दोन तासांचा एसटीचा प्रवास करून, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावून. त्याने सरळच सांगितलं, की पंधरा मार्चला कॉलेजात कायम जागेसाठी निवड आहे, संस्थेची अट आहे की शोधपत्रिकेत एक तरी लेख स्वीकारलेला हवा, आणि तीन वर्षं तो याच एका लेखामागे आहे. प्राचार्यांनी आमचं पत्र त्याच्यासमोर ठेवून एवढंच विचारलं होतं, की वेळापुरे, हे काय आहे. त्याला उत्तर देता आलं नव्हतं. देता येईल म्हणून तो इथे आला होता.

"तुम्ही कुठे पाहिलंत ते पान?" मी विचारलं. हे मी विचारलं ते त्याच्यावर उपकार केल्यासारखं.

"आमच्या तालुक्याच्या नगर वाचनालयात."

"मग तो खंड घेऊन या."

"संदर्भग्रंथ बाहेर देत नाहीत, मॅडम."

आम्हीही देत नव्हतो. वाचनालयाच्या ग्रंथपालाचं पत्र आणलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पत्र म्हणजे संदर्भ नव्हे. मग तो म्हणाला, की तुम्ही एकदा येऊन बघाल का. मी हसले नाही, पण मनातून मला हसू आलं. एका तळटिपेसाठी तपासनिसाने पाटणपर्यंत जायचं म्हणजे जरा अतीच झालं.

मी त्याला बाईंकडे नेलं. बाईंनी त्याला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्या कधीही आवाज चढवत नसत. बाकी लेख चांगला आहे, त्या म्हणाल्या. सतरावी टीप आणि तिच्याशी जोडलेला मजकूर काढून टाका, मी उद्या स्वीकृतीचं पत्र देते.

"तो काढला तर लेखच उरत नाही, बाई," तो म्हणाला.

ते खरं होतं. त्याचा सगळा मुद्दाच तो होता. बुरूड नुसत्या अंदाजाने, वीत आणि बोटं लावून विणतात असं सगळे लिहितात. त्याचं म्हणणं असं, की त्यांच्याकडे खाचा पाडलेली एक मापकाठी असायची. एक खाच परडीची, एक सुपाची, एक टोपलीची, एक कोंबड्या झाकायच्या डालग्याची. माप पिढ्यान्पिढ्या तेच राहावं म्हणून. अंदाज आणि माप यात फरक आहे, असं त्याने लेखात लिहिलं होतं, आणि तो फरक त्या एका पानावर उभा होता.

"दुसरा छापील आधार आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे तुम्हाला मुळात कळलं कुठून?"

समोरच्या ग्लासाला त्याने हात लावला नव्हता. त्याला बोलायचं होतं हे मला दिसत होतं, आणि त्याने ते गिळलं हेही दिसलं. माझा अंदाज असा झाला, की कुणाच्या तरी अप्रकाशित प्रबंधातून उचललेलं असणार.

"पानावरून," तो म्हणाला.

बाईंनी हात जोडले. तो उठला. जाताना माझ्या टेबलावरचा तिसरा खंड त्याने उचलला आणि कपाटात, दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, नीट उभा लावून ठेवला. आमच्याकडे येणारे विद्वान पुस्तकं टेबलावर टाकून जात. एवढंच काय ते वेगळं मला जाणवलं, आणि तेही मी लगेच विसरले.

दहा दिवसांनी त्याचं कार्ड आलं. 'पृष्ठ आहे. मी पुन्हा जाऊन पाहिले. कृपया आपणही पुन्हा पाहावे.' मी पुन्हा पाहिलं, म्हणजे तिसरा खंड काढून पुन्हा तीनशे शहाण्णव पाहिलं, आणि कार्ड फायलीत लावलं. परत पाठवलेले सगळेच असं लिहीत.

मार्चच्या अखेरीस पुण्याहून डॉ. शरच्चंद्र उपासनींचा लेख आला. उपासनी म्हणजे मोठं नाव. त्यांचा लेख मिळाला की बाई दोन दिवस प्रसन्न असत. विषय होता कोकणातली मिठागरं. मी चिठ्ठ्या केल्या आणि नवव्या टिपेपाशी अडले. 'व्यवसायकोश, खंड ३, पृ. ४०५.'

मी तिसरा खंड काढला. तीनशे शहाण्णव.

मी बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा काढून चिठ्ठी पाहिली. "लिहिताना आकडा चुकला असेल," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारा." मी म्हटलं, वेळापुऱ्यांच्या वेळी असंच झालं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाल्या, "त्यांना विचारा, गद्रे."

मी अत्यंत अदबीचं पत्र लिहिलं. आठवड्याने कार्ड आलं, हिरव्या शाईत. उपासनींनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'खंड तीनची पुरवणी पाहावी. कोश पुरा झाल्यावर वर्गणीदारांना सुट्या फर्म्यांत पाठवली होती, तुमच्याकडे कुठे बांधली आहे ते तुम्हीच शोधा.'

मी पहिल्या खंडापासून सुरुवात केली आणि एकेक खंड शेवटून उघडत गेले. पुरवणी पाचव्या खंडात होती. शब्दसूची संपल्यावर एक कोरं पान, आणि मग तिसऱ्या खंडाचे पुढचे आकडे, तीनशे सत्त्याण्णव ते चारशे वीस. माथ्यावर बारीक अक्षरात सूचनाही होती, की ही पुरवणी खंड तीनच्या शेवटी बांधून घ्यावी. पण ती आली तेव्हा आमचा तिसरा खंड कधीच बांधून कपाटात गेला होता. पाचवा बांधायला जायचा होता, म्हणून कुणीतरी हे फर्मे, म्हणजे न शिवलेली छापील पानं, त्याच्याबरोबर देऊन टाकले. सूची आधी छापलेली, त्यामुळे पुरवणीतला एकही शब्द तिच्यात नव्हता. तालुक्याच्या वाचनालयात कुणीतरी सूचना वाचली होती. आमच्याकडे वाचली नव्हती. शब्दसूची बघताना हाच खंड फेब्रुवारीत माझ्या हातात होता. मी सूचीतला 'म' बघून तो मिटला होता.

चारशे बारा हे डाव्या हाताचं पान होतं.

मापकाठीची नोंद अर्ध्या स्तंभाची होती. शेजारी चित्र. हातभर काठी, एका बाजूने तासून सपाट केलेली, तिच्यावर चार खाचा. तिसरी खाच एका कडेने तुटलेली. नोंदीच्या शेवटी लिहिलं होतं: 'पाटण तालुक्यातील एका बुरुडाकडील नमुन्यावरून.' वेळापुऱ्याने लेखात जे लिहिलं होतं ते शब्दाला शब्द तिथे होतं.

मी खंड उघडाच घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी उभ्यानेच नोंद वाचली, दोनदा. मग बसल्या.

"ही आपली चूक आहे," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "बांधणीची."

नऊ एप्रिल होता त्या दिवशी. लेख जुलैच्या अंकात घेऊ, तसं वेळापुऱ्यांना आणि प्राचार्यांना कळवा, असं बाईंनी सांगितलं. अंकात दुरुस्तीही छापायची, आपण माफी छापत नाही, दुरुस्ती छापतो. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन सांगते. तपासनिसाने लेखकाकडे जायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. मी शनिवारची रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती'.

खंड नेता येत नव्हता. मी बटर पेपर आणला, पानावर ठेवला आणि अख्खी नोंद उतरवून घेतली, आधी अक्षरं, मग चित्र. चारही खाचा मोजून काढल्या. तिसरी तुटकी खाच मला आधी छपाईचा दोष वाटली, तरी जशी होती तशी उतरवली. ती सवय बाईंचीच.

शनिवारी त्याच्या कॉलेजात गेले तर तिथे परीक्षा चालू होत्या. कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं, की वेळापुरे सरांची मुदत मार्चअखेर संपली, जागेवर दुसरे सर आलेत, कराडचे. प्राचार्य भेटले. भले गृहस्थ होते. माझं म्हणणं ऐकून त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि सांगितलं, की निवड समितीपुढे वेळापुऱ्यांचाच अर्ज पहिला होता, पण तुमच्या पत्रातलं ते वाक्य सदस्यांनी मोठ्याने वाचलं. न पाहिलेलं पान पाहिलं म्हणून सांगणारा माणूस मुलांना काय शिकवणार, असं एकजण म्हणाला. मग बाकीचे काही बोलले नाहीत. आता नेमणूक झाली आहे, ती काही मागे घेता येत नाही. त्यांनी मला एका कागदावर गावाचं नाव आणि एसटीची वेळ लिहून दिली.

गाव धामणेवाडी. स्टॉपवर उतरून मी विचारलं, तेव्हा एका बाईने ओढ्याकडे हात केला. ओढ्यापलीकडे, गावाच्या कडेला चार-पाच घरं. दारापुढच्या मांडवात बांबू उभे करून ठेवलेले, आणि खाली दोघेजण पाय पसरून बसलेले. एक म्हातारा आणि एक सदाशिव. म्हातारा टोपलीचं बूड विणत होता आणि सदाशिव बांबू चिरून कामट्या काढत होता, अगदी सराईत हाताने. अंगात बनियन होतं. मला पाहिलं तसा तो उठला, आत जाऊन शर्ट घालून आला आणि बाह्या मनगटापर्यंत लावल्या.

बुरुडांवर लेख लिहिणारा माणूस बुरूड असेल, हे तोवर माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. वेळापुरे आडनावाने मला काही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नव्हतं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पान सापडलं. चूक आमची होती. लेख जुलैत येईल. मी सांगत असताना तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातली एक कामटी नखाने सोलत होता. त्याची आई चहा घेऊन आली. म्हातारा त्याला म्हणाला, "बाईस्नी बसाया दे की." त्याने पोतं अंथरलं. मी बसले आणि काय करावं ते न कळून पर्समधून बटर पेपर काढला, उलगडला आणि त्याच्यासमोर धरला. जणू काही त्याला पुरावा हवा होता.

त्याने एकवार बघितलं आणि कागद वडिलांपुढे सरकवला.

म्हाताऱ्याला अक्षरं वाचता येत नव्हती. त्याने चित्रावर बोट फिरवलं, पहिल्या खाचेपासून शेवटपर्यंत, आणि तिसरीपाशी थांबला. मग मागे वळून मांडवाच्या मेढीला खोचलेली एक काठी ओढून काढली आणि ती कागदाशेजारी ठेवली. हातभर काठी. हाताळून काळी पडलेली, एका बाजूने सपाट. चार खाचा. तिसरीची कड तुटलेली होती, चित्रात होती तशीच, त्याच बाजूने.

"लई वर्सं झाली," म्हातारा म्हणाला. "म्या तवा पोरगा हुतो. सातारकडनं यक मानूस आलता, झोळी घिऊन. आमच्या बानं त्याला काठी दिली बगाया. दोन दिस हितंच बसून त्यानं चित्र काडलं. मोडकी खाच बी काडली. बा म्हनला, ती कशापायी काडतुयास? तर म्हनला, हाय ते हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या पुस्तकात हाय व्हय ही?"

"आहे," मी म्हणाले.

"मंग सदाबी त्येच म्हनत हुता की."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला फक्त समजत नव्हतं, की यात अडलं कुठे. मला लाज वाटली. अशी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि त्यानंतरही, चुका पुष्कळ केल्या तरी, तशी वाटली नाही. मी सदाशिवला विचारलं, की तुम्ही बाईंना हे सांगितलं का नाही. त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला हे कळलं कुठून म्हणून.

आता पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं.

"सांगितलं असतं, काठी घरची आहे, तर तुम्ही काय म्हणाला असता?" तो म्हणाला. "आधार काय, असंच ना? म्हणून आधार शोधायला निघालो, मॅडम. दोन वर्षं शोधला. सापडला, तो आमच्याच काठीचा. म्हटलं, चला, छापलेलं आहे, आता तरी चालेल." त्याने कामटी खाली टाकली. "तेही चाललं नाही."

मी चहा प्यायले. काहीतरी करायला हवं होतं. मग मी म्हटलं, की सतराव्या टिपेत एक ओळ वाढवू या. कोशातलं चित्र ज्या काठीवरून काढलं ती आजही धामणेवाडीत आहे, म्हणून. तुमच्या आजोबांचं नावही घालू.

"दाजी बाळा वेळापुरे," तो म्हणाला. आणि मग, "तुमच्या नियमात बसतं का ते?"

"मी बघते," मी म्हणाले.

एसटी यायला वेळ होता. तेवढ्यात म्हाताऱ्याने बूड पुरं केलं, कागदाशेजारची काठी उचलून टोपलीला लावून पाहिली, तिसऱ्या खाचेपाशी अंगठ्याने खूण केली आणि काठी परत मेढीला खोचली. तुटक्या कडेचं त्याला काही वाटत नव्हतं. माप दुसऱ्या कडेने घ्यायचं, एवढंच.

सोमवारी मी सतराव्या टिपेची नवी चिठ्ठी केली. पुस्तक, खंड, पान. 'पाहिले' या रकान्यात लिहिलं: 'पाहिले. पुरवणी, खंड ५ मध्ये बांधलेली.' आणि त्याखाली: 'काठीही पाहिली. दाजी बाळा वेळापुरे यांची, धामणेवाडी.' सही केली आणि चिठ्ठी बाईंपुढे ठेवली.

बाईंनी ती बराच वेळ वाचली. धामणेवाडीला मी कधी गेले, असं त्यांनी विचारलं नाही. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी दुसरी ओळ आडवी खोडली, एकाच रेघेने, पट्टी लावल्यासारखी सरळ.

"आपण पुस्तकं पाहतो, गद्रे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. "काठी उद्या कुणी मागितली, तर आपण ती कुठल्या कपाटातून दाखवणार?"

मी काही बोलले नाही. बोलता आलं असतं. चिठ्ठी घेऊन जागेवर आले.

लेख जुलैत आला, पान चारशे बारासह. शेवटच्या पानावर चार ओळींची दुरुस्ती होती, तिच्यात बांधणीचा उल्लेख होता आणि कुणाचंच नाव नव्हतं. मी अंकाच्या दोन प्रती धामणेवाडीला पाठवल्या. उत्तर आलं नाही. पुढे तो कोयनेकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक लागल्याचं ऐकलं. दुसरा लेख त्याने आमच्याकडे पाठवला नाही, आणखी कुठे लिहिलं असलं तर ते माझ्या पाहण्यात नाही. त्याचा तो लेख मात्र पुष्कळांनी वापरला. गेल्या चाळीस वर्षांत मापकाठीचा उल्लेख मी निदान पंधरा ठिकाणी वाचला आहे, आणि सगळीकडे टीप एकच: व्यवसायकोश, खंड ३, पृ. ४१२. पान सापडत नाही म्हणून एकानेही आम्हाला कधी विचारलं नाही, त्यावरून मी ओळखते, की यातल्या कुणीही कोश उघडलेला नाही. सगळ्यांनी आकडा त्याच्या लेखातून उचलला आहे.

बाई गेल्यावर मी संपादक झाले, नऊ वर्षं होते. पहिल्याच महिन्यात मी नियम केला, की शंका आली तर लेखक कुणीही असो, आधी त्याला पत्र घालून विचारायचं. तो नियम सगळ्यांना आवडला आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. सतराव्या टिपेची ती पिवळी चिठ्ठी तेव्हा माझ्याच खणात होती. रेघेखालची ओळ स्वच्छ वाचता येत होती. नऊ वर्षांत छत्तीस अंक निघाले, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर दुरुस्तीसाठी जागा असे. ती एक ओळ मी कुठल्याही अंकात छापू शकले असते. मी ती छापली नाही.